पंचवीस किलोचा पाऊण टन

डोक्यावर टांगलेल्या यंत्राची मुख्य टांगणी तुटली, तर ते खालच्या माणसावर येऊ नये म्हणून जो दुसरा दोर बांधलेला असतो, त्याला कारखान्यात सेफ्टी स्लिंग म्हणतात. कुठे ती वायर रोपची असते, कुठे साखळीची, कुठे पॉलिएस्टरच्या पट्ट्याची. रोजच्या कामात तिच्यावर काडीचाही भार नसतो. वर्षानुवर्षे ती सैल लोंबते, धूळ खाते आणि बहुतेक वेळा काहीही न करता भंगारात जाते. काम निघालेच, तर ते डोळ्याचे पाते लवायच्या आत उरकावे लागते. त्या क्षणी तिच्यावर किती भार येईल, याचा अंदाज आधीच बांधून ठेवावा लागतो. हा अंदाज बहुतेक ठिकाणी एकाच कारणाने चुकतो. यंत्राचे वजन धरले जाते, पडण्याची उंची धरायची राहून जाते.

पुणे–अहिल्यानगर रस्त्यावर कोरेगाव भीमा आणि शिक्रापूर यांच्या मधल्या सणसवाडीत टांगलेल्या वस्तूंना तोटा नाही. शिरूर तालुक्यातले हे गाव पुण्यापासून तीसेक किलोमीटरवर आहे. कारखान्यांचे पत्ते अजून शेतजमिनीच्या गट नंबरांनी सांगितले जातात, पण त्या गटांवर आता लोखंडी सांगाड्याच्या शेड उभ्या आहेत. जॉन डिअरचा ट्रॅक्टर कारखाना इथलाच. त्याशिवाय वाहनांचे सुटे भाग, फॅब्रिकेशन, गोदामे. अशा कोणत्याही शेडमध्ये मान वर केली, की दिव्यांच्या रांगा, २४ फूट व्यासाचे मोठे पंखे, स्प्रिंग बॅलन्सरला लोंबणारे नट रनर आणि वेल्डिंगच्या बूमवर टांगलेले वायर फीडर दिसतात. त्या प्रत्येकाखाली आठ-आठ तास कोणी ना कोणी उभे असते. मेंटेनन्समध्ये काही वर्षे काढलेल्या माणसाला या टांगण्या कुठे झिजतात ते पाठ असते: हुकाच्या पोटात, आय बोल्टच्या मानेपाशी, नाहीतर दोर बीमच्या धारेवरून वळतो तिथे.

उदाहरणाला वायर फीडरच घेता येईल. त्यात चढवलेले वायरचे रीळ १५ किलोचे असते. फीडर, रीळ आणि केबलचा वाट्याला येणारा भाग मिळून २५ किलो धरू. सेफ्टीसाठी ४ मिमीचा वायर रोप आणला जातो. नवा असताना तो साधारण ८९० किलोला तुटतो. पंचविसाला आठशे नव्वद म्हणजे पस्तीसपट ताकद झाली. एवढा हिशेब झाला, की सुपरवायझर मान हलवतो, फिटर दोराच्या दोन्ही टोकांना बुलडॉग क्लिपा मारतो आणि काम झाले असे ठरते. दोर किती सैल ठेवला, हे कोणी विचारत नाही. रीळ बदलताना फीडर खाली ओढता यावा म्हणून फिटरने वीतभर, कधी फूटभर ढील सोडलेली असते, आणि पुढचा सगळा हिशेब त्या ढिलीवर अवलंबून असतो.

आडात बादली सोडणाऱ्याला ही गोष्ट गणिताशिवाय कळते. दोर हातात ताणून धरला आणि बादली हळूहळू सोडली, तर हाताला बादलीचेच वजन लागते. तीच बादली सोडून दिली आणि हातभर खाली गेल्यावर दोर पकडला, तर खांदा निखळेल असा हिसका बसतो. बादली तीच, वजनही तेवढेच. पडताना तिने वेग कमावलेला असतो आणि तो वेग दोराला फार थोड्या अंतरात मारावा लागतो. हे अंतर जितके कमी, तितका हिसका मोठा. ३० सेंटिमीटर पडायला पाव सेकंद लागतो. तेवढ्यात वस्तूचा वेग सेकंदाला जवळजवळ अडीच मीटर होतो, म्हणजे सावकाश धावणाऱ्या माणसाचा. तो शून्यावर आणायला पोलादी दोराकडे दोन-अडीच सेंटिमीटरसुद्धा नसतात.

हिशेबाची रीत जुनी आणि सोपी आहे. पडणाऱ्या वस्तूची उंचीतून आलेली ऊर्जा दोराने ताणून पोटात घ्यायची असते. दोर स्प्रिंगसारखा ताणतो असे मानले, तर भार किती पट होतो ते या सूत्राने निघते:

गुणक = १ + √(१ + २ × पडण्याची उंची ÷ स्थिर ताण)

स्थिर ताण म्हणजे वस्तू हळूच टांगली असता दोर जितका लांबतो तितकी लांबी. ती दोराची जाडी, लांबी आणि बांधणी यांवर ठरते. ४ मिमीच्या, १ मीटर लांबीच्या नव्या वायर रोपला एक मिलिमीटर लांबवायला सुमारे ३८ किलोचा भार लागतो, म्हणून २५ किलोने तो ०.६६ मिलिमीटर लांबतो. भार इथे शेडच्या बोलीप्रमाणे किलोतच धरला आहे.

आता ढील बदलत जाऊन आकडे पाहावेत. ढील अजिबात नाही, पण मुख्य टांगणी अचानक तुटली, तर गुणक २ येतो. दोरावर ५० किलो येतात. अचानक आलेला भार न पडताही दुप्पट होतो, ही या सूत्राची पहिली शिकवण. २ सेंटिमीटर ढील असेल तर भार सुमारे २२० किलो होतो. १० सेंटिमीटरला ४६० किलो, ३० सेंटिमीटरला ७८० किलो. पंचवीस किलोचा फीडर फूटभर पडून दोरावर पाऊण टन होऊन बसतो. दोर ८९० किलोला तुटतो हे खरे, पण क्लिपा मारलेल्या टोकाशी त्याची ताकद साधारण ८० टक्केच उरते, म्हणजे ७१० किलो. कागदावर पस्तीसपट सुरक्षित असलेला दोर फूटभर ढिलीने तुटण्याच्या हद्दीत गेला. फीडरचे वजन ग्रॅमनेही वाढलेले नाही.

दोर जाड घ्यावा, हा पहिला उपाय सर्वांनाच सुचतो. ६ मिमीचा दोर जवळपास २,००० किलोला तुटतो, क्लिपांपाशी १,६०० धरावा. पण जाड दोर ताठही असतो. तो कमी लांबतो, म्हणून वेग मारायला अंतर आणखी कमी मिळते. त्याच ३० सेंटिमीटर ढिलीला हिसका ७८० वरून जवळपास १,१६० किलोवर जातो. दोर टिकतो, पण तेवढाच हिसका वरच्या आधारालाही बसतो. आधार जर छताच्या पत्र्याखालची झेड पर्लिन असेल, तर प्रश्न दोराचा उरत नाही. ही पर्लिन दोन-अडीच मिलिमीटर जाडीच्या पत्र्याची घडी असते आणि तिची रचना छताच्या, वाऱ्याच्या भारासाठी केलेली असते. तिच्या खालच्या ओठाला क्लॅम्प लावून टनाहून जास्त हिसका देणे म्हणजे ओठ उलगडायला बोलावणे. फीडर, दोर आणि क्लॅम्प तिन्ही मग एकत्रच खाली येतात. म्हणून सेफ्टी स्लिंगचा आधार राफ्टरवर, मुख्य बीमवर किंवा बूमच्या खांबावर घ्यावा. हिशेबही दोरापाशी थांबवू नये. हिसका दोरातून शॅकलमध्ये, शॅकलमधून आय बोल्टमध्ये, तिथून वेल्डमध्ये आणि शेवटी सांगाड्यात जातो. यातली सगळ्यांत कच्ची कडी हीच त्या स्लिंगची ताकद.

आय बोल्ट हे अशा कच्च्या कडीचे नेहमीचे उदाहरण. बाजारात मिळणाऱ्या जर्मन मापाच्या एम ८ आय बोल्टची सरळ उभ्या ओढीची क्षमता १४० किलो, एम १० ची २३०, एम १२ ची ३४० किलो असते. या आकड्यांत सुरक्षेचा गुणक धरलेला असतो हे खरे, पण ते सावकाश उचलण्यासाठी दिलेले आहेत. शिवाय ओढ तिरकी झाली की ही क्षमता झपाट्याने उतरते. मुख्य टांगणी तुटलेली वस्तू क्वचितच सरळ खाली येते. ती एका बाजूने सुटते, फिरते आणि आय बोल्टला आडवी ओढते. पाना न लावता हाताने आवळलेला आय बोल्ट तर त्या आडव्या ओढीत मानेपाशी वाकतो.

हिसका कमी करायचे दोनच मार्ग आहेत. पडण्याची उंची कमी करणे, किंवा थांबण्याचे अंतर वाढवणे. सह्याद्रीत प्रस्तरारोहण करणाऱ्यांना दुसरा मार्ग रक्तात भिनलेला असतो. त्यांचा दोर मुद्दाम ताणणारा बनवलेला असतो. पडण्याचे अंतर भागिले दोराची लांबी, हा त्यांचा पडण्याचा गुणांक. दहा मीटर दोरावर पाच मीटर पडणे परवडते, पण हातभर पट्ट्यावर हातभर पडणे अंगावर येते, कारण पहिल्यात गुणांक अर्धा असतो आणि दुसऱ्यात एक. आंतरराष्ट्रीय गिर्यारोहण संघटनेच्या कसोटीत एकेरी दोराला ८० किलोचे वजन पडू देतात आणि पहिल्या हिसक्याचा भार १२ किलोन्यूटनपेक्षा, म्हणजे साधारण १,२०० किलोपेक्षा, जास्त चालत नाही. उंचीवर काम करणाऱ्याच्या हार्नेसच्या दोरीत शिवणी उलगडत जाणारे ऊर्जाशोषक पाकीट असते. ते हा भार ६ किलोन्यूटनच्या आत ठेवते, कारण त्यापुढे शरीराला इजा होण्याचा धोका वाढत जातो.

यंत्राच्या स्लिंगलाही हेच लागू आहे. ढील तीच ठेवून ४ मिमीचा दोर एकऐवजी दोन मीटर लांब घेतला, तर ७८० किलोचा हिसका ५६० वर येतो. लांब दोर आणि जास्त ढील या मात्र वेगळ्या गोष्टी आहेत. आधार वर नेऊन दोर लांब करायचा असतो, लोंबता सोडून नव्हे. पॉलिएस्टरचा पट्टाही मदत करतो. जांभळा पट्टा १ टनाचा, हिरवा २ टनांचा, पिवळा ३ टनांचा, हे रंग उचलकामाच्या प्रत्येक खलाशाला माहीत असतात. एक मीटरचा जांभळा पट्टा पूर्ण भाराला साधारण ३ टक्के लांबतो असे धरले, तर त्याच फीडरच्या त्याच पडण्याला हिसका सुमारे ७३० किलो येतो. आकडा ४ मिमीच्या दोराइतकाच वाटतो, पण पट्टा सातपट गुणकाने बनवलेला असल्याने त्याची तुटण्याची ताकद ७ टन असते. तरीही वेल्डिंगच्या बूमवर पट्टा चालत नाही. ठिणगीने तो भोके पडून झिजतो, आणि पॉलिएस्टर २६० अंशांच्या आसपास वितळते. बीमची धार त्याला सुरीसारखी कापते. जिथे ठिणगी, उष्णता किंवा धार आहे तिथे वायर रोप, आणि वायर रोप घेतला की ढील मोजून, हा नियम त्यातून निघतो. साखळी वायर रोपपेक्षाही ताठ असते, म्हणून तिला ढील आणखी कमी चालते.

पहिला मार्ग, पडण्याची उंची कमी करण्याचा, बऱ्याच ठिकाणी वापरला जातो. १८५४ साली न्यूयॉर्कच्या क्रिस्टल पॅलेस प्रदर्शनात एलिशा ओटिस एका उघड्या लिफ्टवर उभा राहिला आणि वरचा दोर सर्वांसमक्ष तोडायला लावला. लिफ्ट थोडीशी खाली सरकून थांबली. त्याच्या यंत्रात दोराचा ताण गेल्याबरोबर स्प्रिंग सुटून पकडी दोन्ही बाजूंच्या दातेरी पट्ट्यांत अडकत. वेग येण्याआधीच पडणे थांबवायचे, हीच त्यातली युक्ती. जर्मनीत रंगमंचावरच्या दिव्यांच्या सुरक्षा दोरांसाठी पडण्याची हद्द २० सेंटिमीटर धरतात. असेंब्ली लाइनवरच्या स्प्रिंग बॅलन्सरसोबत येणाऱ्या पुस्तिकांत ती बऱ्याचदा १० सेंटिमीटर असते. दौंड जंक्शनवरून जाणाऱ्या जुन्या आयसीएफ बनावटीच्या रेल्वे डब्यांखाली टांगलेल्या अल्टरनेटरच्या सुरक्षा साखळीचेही काम हेच. टांगणीची पिन तुटली, तर अल्टरनेटर रुळावर पोहोचण्याआधी साखळीने तो धरायचा.

मग ढील शून्यच का ठेवू नये, असा प्रश्न साहजिक येतो. ताठ बांधलेली स्लिंग मुख्य टांगणीबरोबर रोजचा भार वाटून घेऊ लागते. यंत्राच्या थरथरीने ती झिजते आणि गरजेच्या दिवशी अर्धमेली असते. त्याहून वाईट म्हणजे मुख्य टांगणी तुटल्याचे कळतच नाही. फीडर जागचा हलत नाही, वेल्डर काम करत राहतो, आणि आता एकच दोर उरला आहे हे कोणाला ठाऊक नसते. म्हणून थोडी ढील हवी. ती इतकी असावी, की टांगणी गेली तर वस्तू नजरेला खाली आलेली दिसेल, आणि इतकी कमी, की हिसका हिशेबात राहील. फीडरसारख्या वस्तूला २ सेंटिमीटर पुरतात. टर्नबकल लावून ती बसवावी, मोजपट्टीने मोजावी आणि पाटीवर रंगाने लिहावी. रीळ बदलायला फीडर खाली घ्यावा लागत असेल, तर स्लिंग सोडायला कॅराबिनर द्यावा आणि रीळ चढल्यावर तो परत अडकवणे कामाच्या यादीत घालावे. त्यासाठी फूटभर ढील कायमची ठेवणे हा सोयीचा जुगाड आहे, आणि त्याची किंमत वर हिशेबात आलीच आहे.

सूत्र खरे मानायचे किती, हेही पाहावे लागते. प्रत्यक्षात हिसका सूत्राहून कमीच भरतो. क्लिपांतून दोर किंचित सरकतो, थिंबल चेपते, ब्रॅकेट वाकते, नव्या दोराची वीण आवळते. या प्रत्येकात थोडी ऊर्जा खर्च होते आणि थांबण्याचे अंतर काही मिलिमीटरने वाढते. दोर २० मिलिमीटर ताणायचा असताना आणखी १० मिलिमीटर मिळाले, तर फरक मोठा पडतो. पण या सुटीवर भरवसा ठेवता येत नाही, कारण सरकलेली क्लिप थांबेलच असे नाही. हिशेब सूत्राने करावा आणि वाकण्या-सरकण्याने मिळालेला दिलासा राखीव समजावा.

चाचणी घ्यायची तर साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी घेतात. शेडचा तो भाग दोरी लावून बंद करतात. फीडरऐवजी २५ किलो वाळूचे दुहेरी पोते, त्याला सुतळीची कच्ची टांगणी आणि शेजारी ठरलेल्या ढिलीची स्लिंग. लांब काठीला बांधलेल्या कोयत्याने सुतळी कापली जाते. पोते पडते, दोर टणकन वाजतो, आणि पर्लिनवरची वर्षानुवर्षांची धूळ खाली गळत राहते. या चाचणीत नवशिके हमखास एक चूक करतात. हिसका मोजायला ते स्लिंगमध्ये क्रेनचा डिजिटल वजनकाटा अडकवतात. काटा शंभर-दीडशे किलो दाखवतो आणि सगळे निर्धास्त होतात. काट्याची चूक नसते. तो सेकंदातून मोजक्याच वेळा वाचन घेतो आणि त्यांची सरासरी दाखवतो, कारण लोंबकळणारे वजन स्थिर दिसावे यासाठीच तो बनवलेला आहे. ४ मिमीच्या दोरावर २५ किलो आदळल्यापासून ताण शिगेला पोहोचेपर्यंत सेकंदाचे १३ हजारांश भाग जातात. दोन वाचनांच्या मधल्या फटीत हिसका येऊन गेलेला असतो. त्याऐवजी दोरामागे मिलिमीटरची पट्टी लावून मोबाइलच्या स्लो मोशनने टिपावे. सेकंदाला २४० चित्रांत हा हिसका तीन चित्रांत आटोपतो, पण त्यातल्या शेवटच्या चित्रात दोर किती लांबला ते वाचता येते. लांबी कळली, की ताठरतेने गुणून भार निघतो.

बांधणीचे काही नियम हिशेबाइतकेच महत्त्वाचे आहेत. बुलडॉग क्लिपा किमान तीन असाव्यात आणि त्यांच्यात दोराच्या व्यासाच्या साधारण सहापट अंतर असावे. क्लिपेचा सपाट खोबणीचा भाग भार घेणाऱ्या दोराकडे आणि यू बोल्ट मोकळ्या टोकाकडे बसवावा. उलटा बसवला, तर यू बोल्ट नेमका जिवंत दोर चेंगरतो. दोराच्या टोकाच्या डोळ्यात थिंबल हवे, धारेवर रबर किंवा पाइपचा तुकडा हवा. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे स्लिंग मुख्य टांगणीच्याच हुकात अडकवू नये. हूक तुटला तर दोन्ही एकदमच जातात, आणि निरखून पाहिले तर असे हूक जवळपास प्रत्येक शेडमध्ये एखादा तरी सापडतो.

१९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या कलम २९ ने उचलणारी यंत्रे, साखळ्या, दोर आणि टॅकल यांची वर्षातून एकदा तरी सक्षम व्यक्तीकडून तपासणी आणि तिची नोंद घालून दिली. सेफ्टी स्लिंग काहीच उचलत नाही, म्हणून ती पुष्कळ ठिकाणी त्या नोंदवहीत येतच नाही. तिला नंबर नसतो, तारीख नसते, ढिलीचा आकडा तर नसतोच. ४ मार्चला सुरू होणाऱ्या सुरक्षा सप्ताहात घोषवाक्यांच्या स्पर्धा होतात. त्याच आठवड्यात प्रत्येक स्लिंगला पत्र्याचा बिल्ला लावून त्यावर वजन, लांबी, ढील आणि आधार या चार गोष्टी ठोकल्या, तर वर्षाची तपासणी अर्धी होऊन जाते.

एकदा झेललेली स्लिंग पुन्हा वापरता येत नाही. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, ही म्हण वायर रोपला शब्दशः लागू पडते. हिसका बसलेल्या दोराची वीण बाहेरून जशीच्या तशी दिसते, आतल्या तारा मात्र ताणून कामातून गेलेल्या असतात. असा दोर काढावा आणि छिन्नीने दोन तुकडे करूनच भंगारात टाकावा. अख्खा टाकलेला दोर महिनाभरात दुसऱ्या कुठल्या तरी शेडमध्ये, दुसऱ्या कुणाच्या डोक्यावर टांगलेला आढळतो.